चमक उतरवणारा पाय

६ जुलै २०२५, रविवार

आज दिवस उगवायच्या आत सात पाठी झाल्या. सातही ओल्या. परसरामच्या पाठीवर गजकर्णाचा आख्खा नकाशा आहे. वर्षभर सांगते, मलम लाव. मलम तो लावत नाही, रोवणी लागली की पाठ मात्र घेऊन हजर होतो. त्या नकाशावर तीनदा टाच दाबली आणि नंतर डेटॉलच्या पाण्यात पाय बुडवून दहा मिनिटं बसले.

करडी गावात भाताची रोवणी लागली की माणसं दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून असतात, आणि रोज कोणाची तरी पाठ नाहीतर बरगडी धरते. त्याला चमक भरणं म्हणतात. ती उतरवायला पायाळू लागतो, म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी घेऊन आलेला माणूस. गावात तो मान माझा. उपाशीपोटी, एक शब्द न बोलता, डाव्या पायानं तीनदा दाबायचं. घ्यायचं काही नाही आणि नाही म्हणायचं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. शनिवारी ज्या पोरांकडून अंधश्रद्धेवर दहा ओळी लिहून घेते, त्यांचेच बाप रविवारी माझ्या ओट्याखाली पालथे पडलेले असतात. किळस येते त्यांची, आणि त्याहून माझी. पण आईपुढे इलाज नाही. पायाळूनं नाही म्हटलं की पाय झडतात, हे तिचं विज्ञान.

आजही आईनं जमलेल्यांना ती ठरलेली गोष्ट सांगितली. माझी पहिली पाठ तिचीच. मी पाच वर्षांची होते. बाबांनी मला काखेत धरून तिच्या पाठीवर उभं केलं, आणि मी फ्रॉक सावरत विचारलं, आता नाचू का? सगळे हसले. मीही हसले. शकुन मॅडमची एवढी एकच विनोदी गोष्ट गावाला माहीत आहे.

सगळे गेल्यावर सचिन आला, बायकोला घेऊन. सचिन माझा भाऊ, सतरा वर्षांनी लहान. त्याला आईपेक्षा मीच जास्त कडेवर घेतलं असेल. चिखल्याच्या मॅंगनीज खाणीवर तो एका खासगी ट्रान्सपोर्टवाल्याचा टिप्पर चालवतो, तिथेच खोली करून राहतो. माझं लग्न झालं नाही, त्याचं मी केलं. मुलगी मीच पसंत केली, लाखनीची, बापाचं हायवेवर टायरचं दुकान. गुंजन. चौदा महिने झाले. दिसायला बरी, बोलायला मुकी.

तिची उजवी बरगडी दुखते, खांद्यापर्यंत कळ जाते. सचिननं स्वतः चादर अंथरली, तिला पालथं झोपवलं, केस बाजूला केले. म्हणाला, "ताई, जरा जोरानं दे. हलक्या पायानं तिले फरक पडत नाही." दिला. ती हूं की चूं करत नाही. बाकीचे निदान कण्हतात तरी.

९ जुलै

शाळेच्या खिचडीत आज अळ्या. मुख्याध्यापक म्हणाले, वरच्या वर काढून वाढा. जेवणाचा डबा तसाच घरी आणला.

१३ जुलै, रविवार

पुन्हा पाच पाठी आणि सहावी गुंजन. आज दोन बोटं खाली दुखतं आहे. खांदा उचलत नाही.

मला तिची शिसारी येते, हे इथे लिहायला हरकत नाही. अंगाला सतत बामचा वास. या घामाच्या धारांत मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज. फॅशन म्हणावं तर केसाला फणी नाही. जेवताना डाव्या हातानं ताटाला टेकू देते आणि घास तोंडाशी नेण्याऐवजी तोंड घासाशी नेते. आई तिच्याकडे बघत होती, मग उठून आत गेली. सचिन बिचारा किती करतो. जाताना माझे पाय चेपून दिले. म्हणाला, माह्या ताईच्या पायात देव हाय. मी म्हटलं, देव नाही, परसरामचं गजकर्ण आहे. खूप हसला.

१५ जुलै

मी विज्ञानाची बाई आहे, पाय देऊन गप्प बसणारी नाही. मोबाइलवर शोधलं. उजवी बरगडी आणि खांदा एकत्र दुखण्याची कारणं एका कागदावर उतरवली आणि एकेक तपासतेय.

गॅस. असेल, ती तिखट खाते. पित्ताशयातले खडे, यात म्हणे कळ थेट खांद्यात जाते, तेलकट खाल्ल्यावर वाढते. बघावं लागेल. सिकलसेल, आपल्या भागात घरोघरी आहे, हाडं दुखतात. रक्त तपासायचं. फुप्फुसाच्या आवरणाला सूज. ताप नाही, खोकला नाही, तरी ठेवलं. वाकून काम करणं. खोलीत दोनच माणसं, कामं ती किती. झोपण्याची चुकीची पद्धत, खाट, गादी, शक्य आहे. पडणे किंवा मार लागणे. तिला फोन करून विचारलं, पडलीस का कुठे? नाही म्हणाली. ते खोडलं.

१९ जुलै, शनिवार

गुंजनला आरोग्य केंद्रात नेलं. बाकाखाली कोणीतरी पान थुंकलेलं, त्यावर चिंध्या टाकून झाकलेलं. सिकलसेल नाही. पित्ताशयासाठी सोनोग्राफी करा म्हणाले. सचिन बाहेर उभा होता, ड्युटी आहे म्हणून घाई करत होता. आत डॉक्टरांनी तिला पाठ दाखव म्हटलं तर ही म्हणते कशी, मले लाज वाटते. सिकलसेल खोडलं.

२ ऑगस्ट, शनिवार

दोन आठवडे लिहिलं नाही. त्यातले बारा दिवस गुंजन इथेच होती. सचिनला मालकानं गाडी घेऊन नागपूरला पाठवलं होतं, तो तिला आईजवळ सोडून गेला.

आणि मला कारण सापडलं! बारा दिवसांत तिला एकदाही चमक भरली नाही. चौथ्या दिवशी खांदा उचलला, आठव्या दिवशी आडावरून पाणी ओढलं. तेलकट मुद्दाम खाऊ घातलं, वडे, भजी, काही झालं नाही, म्हणजे पित्ताशयही खोडलं. रात्री गाढ झोपते. परवा तर शेजारच्या रितासोबत हसताना ऐकली. ती हसते हेच मला माहीत नव्हतं. म्हणजे दोष चिखल्याच्या खोलीतच आहे. मी ती खोली पाहिली आहे. लोखंडी खाट, मधे खोलगट, वर कुबट गादी, सगळीकडे खाणीची काळी धूळ. तिथे झोपून माझीही बरगडी धरली असती. आज माझी कापसाची गादी उसवून पिंजून घेतली, नवी खोळ शिवली. उद्या सचिन न्यायला येईल तेव्हा बरोबर देईन.

३ ऑगस्ट, रविवार

दोघं गेले, गादी बांधून. निघताना गुंजन माझ्याजवळ स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "ताई, मी अजून आठ दिस राहू का?" मी म्हटलं, शनिवारी राखीला येशीलच, नवऱ्याचं जेवणाचं काय? ती हो म्हणाली. तिचा हात ओला होता आणि तिनं माझा पदर धरला होता. मी सोडवून घेतला, मला ओल्या हातानं धरलेलं खपत नाही.

आई म्हणाली, ठेवून घ्यायची होती. आईला सगळ्यांनाच ठेवून घ्यायचं असतं.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखी होती. लिहायला आज बसते आहे.

सकाळी दोघं आले. गुंजनला पूर्ण श्वास घेता येत नव्हता. घोट घोट घेत होती. सचिन म्हणाला, गादीनंही काही झालं नाही, ताई, तूच पाय दे. त्यानं चादर अंथरली. ती स्वतःच पालथी झाली, मी सांगायच्या आत. दोनदा दिला. तिसऱ्यांदा जोर दिला, तो म्हणत होता म्हणून, आणि टाचेखाली कट् झालं. तुरीची वाळकी काडी मोडावी तसं. पायाखाली गुंजन पहिल्यांदा बोलली. "माय वं," एवढंच.

सचिन म्हणाला, "निघाली पाह्य चमक." आणि हात पुढे केला. मी राखी बांधली. ओवाळलं. पेढा भरवला. हे सगळं केलं मी.

दुपारी तो पोटभर जेवून घोरत पडला. गुंजन भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे. मी शाळेतल्या तृप्तीला फोन लावला, ती तिची गाडी घेऊन आली आणि आम्ही तिला घेऊन भंडाऱ्याला एका दवाखान्यात गेलो. सचिनला उठवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी ब्लाउज कापून काढलं. मी सत्तेचाळीस वर्षं बायकांच्या पाठी बघते आहे, कपड्यावरून. उघडी पाठ काल पाहिली. पट्ट्याच्या बक्कलाचे चौकोन. काही निळे, काही हिरवे, काही पिवळे पडून जात आलेले. दंडावर चार बोटं आणि एक अंगठा. विज्ञानाच्या बाईला रंगावरून वय काढता येतं. प्रत्येक रंग एका वेगळ्या दिवसाचा होता.

एक्स-रेत तीन बरगड्या. दोन जुन्या, वाकड्या जुळलेल्या. एक ताजी. खांद्याच्या हाडाला जुनी चीर.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही ताजी कशानं? यावर कोणी उभं राहिलं होतं का?"

गुंजन म्हणाली, पडली. मी म्हटलं, "मी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी परसरामच्या पाठीकडे बघते तशा.

त्यांनी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावं लागेल म्हणून सांगितलं आणि बाहेर गेल्या. मग मी गुंजनला विचारलं, तू मला बोलली का नाहीस? एकदा तरी. ती छताकडे बघत होती. श्वास तोडत तोडत म्हणाली, "मले वाटे तुमाले माहीत हाय. थे म्हणत, ताईले सांगतलं हाय मी. राहिलेलं ताई पुरं करते."

म्हणून ती पालथी होत होती. म्हणून कण्हत नव्हती. दर वेळी तिला वाटत होतं, मारायची दुसरी पाळी माझी आहे.

११ ऑगस्ट

गुंजन वॉर्डात आहे, तृप्ती बसली आहे. मी कपडे न्यायला घरी आले. सचिन रात्रीच चिखल्याला निघून गेला होता.

आईला सांगितलं. सगळं, बक्कलासकट. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, माणसाचा हात उठतेच एखाद्या वेळी, पोरगी उलटून बोलत असन. मी म्हटलं, ती बोलतच नाही. मग आई सुपातला एक खडा बाजूला ठेवत म्हणाली, "मले नोयती का भरत चमक? तुहे बाबू बजारातून आले का भरे."

आणि पुढे म्हणाली, त्याच सुरात, "मंग थेच म्हणत, पोरीचा पाय लाव, बरं वाटन."

मी परसात जाऊन ओकले. लाल फ्रॉक होता तो, पांढऱ्या लेसचा, बाबांनीच आणलेला. मला त्यांच्या हातांचा काखेतला दाब अजून आठवतो आणि आजवर तो मला लाडाचा वाटत होता. ही गोष्ट मी वर्गात सांगितली आहे. स्टाफरूममध्ये सांगितली आहे. नाचू का.

लोक म्हणतात पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं. मला पायाखालची बाई दिसली नाही, दोन वेळा.

१४ ऑगस्ट

गुंजन घरी आली, माझ्या खोलीत. लाखनीहून तिचे वडील आले होते, दोन तास बसले, चहा प्यायले, म्हणाले, आता तेच तिचं घर आहे, मॅडम, समजावून पाठवा. चहावर साय आली होती, ती त्यांनी बोटानं काढून कपाच्या कानाला पुसली. मी कप फेकून दिला.

गुंजन तक्रार द्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, मीही लिहून देणार आहे, माझ्याविरुद्धही. तेव्हा तिनं माझ्याकडे प्रथमच नीट बघितलं आणि चप्पल शोधायला लागली.

ठाण्यातल्या जमादाराला माझा पाय समजेना. दोन बरगड्या नवऱ्यानं, ठीक, तिसरी मी मोडली हे तो लिहीचना. म्हणे, "पाय लावनं का गुन्हा होते, मॅडम? तुम्ही त पुण्य करून राहिले." मी लिहायलाच लावलं आणि सही केली. सही झाल्यावर त्यानं आवाज हळू केला. त्याच्या खांद्यात आठ दिवसांपासून चमक आहे, आता आलाच आहात तर. गुंजन तिथेच बाकावर बसली होती, छातीला पट्टा बांधून. जगाला अंघोळ घालावी इतकी घाण वाटली मला त्या क्षणी.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. मुख्याध्यापकांनी स्त्रीशक्तीवर भाषण केलं. पहिल्या रांगेतल्या बायका पदरात जिलेबी घेऊन बसल्या होत्या आणि मी एकेकीच्या बाह्या बघत होते. लांब बाह्यांच्या तीन.

१७ ऑगस्ट, रविवार

आज पाय द्यायचा नाही हे मी ठरवलं होतं, पण कोणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे सकाळी परसराम, चिंधू आणि आणखी दोघं ओट्याखाली येऊन बसलेच. गुंजन आत होती.

तेवढ्यात सचिन आला. ठाण्यातून त्याला बोलावणं गेलं आहे, तो गेलेला नाही. मोटरसायकलवरून उतरला तोच वाकडा. टिप्परचा टायर उचलताना त्याची चमक भरली होती, खरी. तो ना माझ्याशी बोलला ना आईशी. परसरामच्या पुढे जाऊन चादरीवर पालथा झाला आणि म्हणाला, "आधी हे उतरव, ताई. मंग बोलू घरचं."

सवय वाईट. मी उठले, डावा पाय उचलला. टाच त्याच्या बरगडीच्या वर चार बोटं होती. खोटं कशाला लिहू, मला दाबायचं होतं. मोडताना कसा आवाज येतो ते मला माहीत आहे, आणि तो आवाज मला ऐकायचा होता. मग मला बाबांचा दाब आठवला, काखेतला. मी पाय खाली घेतला, मातीवर.

उपाशीपोटी होते, पण बोलले. पाय द्यायला उठून मी कधीच बोललेली नाही, म्हणून चौघांनीही माना वर केल्या. म्हटलं, "गुंजनच्या तीन बरगड्या मोडल्या हायेत. दोन यानं मोडल्या. तिसरी या पायानं मोडली. ठाण्यात तसं लिहून देलं म्या. इथं आता कोणाची चमक उतरनार नाही."

सचिन उठायला गेला. त्याला उठता येईना. चमक खरी होती. कोपरावर जोर देई आणि परत खाली येई, तोंडाला माती लागली. माझी राखी अजून मनगटावर होती, चिखलानं काळी झालेली. त्यानं परसरामकडे हात केला. परसरामनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तिथे गुंजन येऊन उभी होती, छातीला पट्टा, बाह्या आखूड, तृप्तीचं जुनं ब्लाउज. तिचे दंड सगळ्यांनी पाहिले. परसराम हात मागे घेऊन उभा राहिला. चिंधू तळ्याकडे बघायला लागला. या माणसांच्या पाठींची मी आयुष्यभर किळस केली. आज पहिल्यांदा त्यांची तोंडं पाहिली.

कोणीच हात दिला नाही. आईनं दिला. ती आतून आली, बहात्तर वर्षांची, त्याच्याजवळ ओणवी झाली, आणि तिच्या पाठीवर हात टेकून, सगळा भार टाकून तो उभा राहिला. आई दातावर दात दाबून होती. कण्हली नाही. मग पदरानं तिनं त्याच्या तोंडाची माती पुसली, आणि तो गेला.

परसरामला मी दुखण्याची गोळी दिली, मलमाची ट्यूब दिली आणि दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. सगळे गेल्यावर सवयीनं डेटॉलच्या पाण्यात पाय घालून बसले. आज कोणाला लावला नव्हता, तरी. किती वेळ बसले माहीत नाही, पाणी गार झालं. गुंजन भिंत धरत धरत आली, माझ्याजवळ पायरीवर बसली. बसायला तिला बराच वेळ लागला. म्हणाली, "राहू द्या आता, ताई. निघत नाही थे."

मी टॉवेल मागितला. तिनं दिला.